बिनमामाच्या लेकी

माझ्या लेकीच्या लग्नात भटजींनी माईकवरून पुकारा केला, "वधूच्या मामांनी वधूला घेऊन यावे," आणि नागापूरच्या त्या मंगल कार्यालयात आमच्याकडची सगळी माणसं एकदम चिडीचूप झाली. नवऱ्याकडच्यांना वाटलं, मामा जेवणाच्या गडबडीत अडकला असेल. वधूचा मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो लहानपणीच गेला होता. माझ्या आईनं पिशवीतून त्याचा शाळेचा शर्ट काढला आणि शेजारच्या एका भल्या माणसाच्या खांद्यावर टाकला. तो माणूस तसाच, खांद्यावर दुसऱ्याचा इवलासा शर्ट घेऊन, लेकीला बोहल्यावर घेऊन गेला. फोटोग्राफर पोरगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, तो शर्ट काढायला सांगू का? फोटोत येतोय."

"येऊ दे," मी म्हटलं. "त्याच्यासाठीच आणलाय."

पाथर्डी तालुक्यात, आईच्या गावात, आम्हा मायलेकींना बिनमामाच्या लेकी म्हणायचे. आईचा भाऊ पोरवयात गेला. किडलेली दाढ काढली, रक्त थांबेना, गावापासून दवाखाना लांब, संपला विषय. आजीचाही भाऊ असाच लहानपणी गेला होता, पण कसा ते कुणाला धड सांगता येत नव्हतं. पाण्याच्या टँकरवर बायका माझ्यादेखत कुजबुजायच्या, "ह्यांच्यात मामा टिकत न्हाई गं." मी एवढीशी होते, तरी हंडा आदळून म्हणायचे, "तुमचा टिकलाय ना? मग भरा पाणी आन् चला." स्वभाव माझा तेव्हापासूनच असा. आता पिठाच्या गिरणीवर बसते, तरी गिऱ्हाईकं मला घाबरूनच असतात.

पोराचं जावळ काढायचं, कान टोचायचे, ते मामाच्या मांडीवर. ही रीत सगळीकडेच आहे. मामा नसला तर लोक चुलतमामा शोधतात, नाहीतर गावातल्या कुणाला तरी मामा म्हणून बसवतात. आमच्यात तसं चालत नव्हतं. गेलेल्या मामाचा शर्ट पाटावर अंथरायचा, त्यावर पोराला बसवायचं, सोनारानं तार टोचायची, आणि मग सगळ्या बायकांनी भोवती बसून वाट बघायची. कशाची? तर रक्ताची. कानाच्या पाळीला थेंब यायचा, पुसला की पुन्हा यायचा, गळ्यावरून ओघळून खालच्या शर्टावर पडायचा. तसं झालं की घरातली म्हातारी डोक्यावर पदर घेऊन म्हणायची, "मामा आला." मग हळदीकुंकू आणि मग जेवणं.

माझ्या भावाचे कान टोचले तेव्हा मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. खाली आईच्या भावाचा शर्ट होता. तार गेली, पोर किंचाळलं, थेंब आला. आला तो येतच राहिला. बायका जेवल्या, उष्टी काढली, भांडी घासली, उन्हं कलली, तरी येतच होता. भाऊ रडून रडून माझ्या मांडीवर झोपला आणि माझ्या फ्रॉकवर एक ओला डाग हळूहळू पसरत गेला. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त भीती मला आईच्या तोंडाकडे बघून वाटली. ती हसत होती. तिचा भाऊ तिला भेटायला आला होता ना!

पुढं भावाचे गुडघे सुजायला लागले. पडला नाही, झडला नाही, तरी सकाळी उठावं तर गुडघा टम्म फुगलेला आणि वरची कातडी पिकल्या जांभळासारखी. "मामा गुडघ्यात बसलाय," आजी म्हणायची आणि अंगारा लावायची. मी त्या मामाला मनातल्या मनात शिव्या घालायचे. बसायला दुसरी जागा मिळाली नाही का मेल्याला?

दिवाळी झाली की आई-वडील ऊसतोडीला जायचे आणि आम्ही दोघं त्यांच्याबरोबर. एकदा कारखान्याच्या तळावर भाऊ बैलगाडीवरून खाली पडला. डोकं जुवाला लागलं. उठला, कपडे झटकले, हसला. भाकरी खाल्ली. मग म्हणाला, "ताई, डोकं लई दुखतंय," आणि पाचटाच्या कोपीत, आमच्या झोपडीत, जाऊन निजला. दुपारी मी उठवायला गेले. अंगावर एक ओरखडा नव्हता. झोपलेलाच दिसत होता. मी त्याला हलवलं, चिडवलं, "ऊठ रं आळशा" म्हणून पाय ओढला, आणि पाय माझ्या हातात जसा आला तसा जड राहिला. तळावरची सगळी माणसं एकच म्हणाली. मामानं नेला.

एक खूण होती म्हणे आमच्यात. करंगळी. आईच्या भावाची करंगळी आत वळलेली होती, माझ्या भावाचीही तशीच. म्हणून पोरगा जन्मला की आधी त्याची करंगळी बघायची. वाकडी निघाली, तर मामाचा डोळा त्याच्यावर. आता आईची करंगळी वाकडी आहे, माझीही आहे, पण बायकांची करंगळी कोण बघतंय?

माझा मुलगा झाला तेव्हा सुईणीच्या आधी मीच त्याची मूठ उघडली. करंगळी वाकडी! कान टोचायचेच नाहीत, असं मी नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं. पण आई, सासू, नणंदा, सगळ्या एकीकडे आणि ओली बाळंतीण मी एकीकडे. आता पाटावर शर्ट होता तो माझ्या भावाचा. पांढऱ्याचा पिवळा पडलेला, कॉलर विरलेली. तार गेली. एक थेंब आला. सोनारानं कापसानं टिपला. दुसरा आलाच नाही.

बायका बसून राहिल्या. चहा गार झाला. कुणीतरी खोकलं. आईनं पुढं होऊन पोराचा कान वर केला, मागून बघितला, पुढून बघितला, बोटानं दाबून बघितला.

"न्हाई आला," ती म्हणाली, आणि अशी रडली, की भावाच्या मातीलासुद्धा तशी रडली नसेल. तिला वाटलं, तिचं पोरगं रुसलं. मी मात्र तोंडावर पदर धरून आतल्या आत नाचत होते. माझा पोरगा वाढला. सायकलवरून पडला, गुडघे फोडून घेतले, भांडणात ओठ फाडून आला. जे फुटलं ते सुकलं. आज एमआयडीसीत वेल्डर आहे, हातावर ठिणग्यांचे डाग घेऊन घरी येतो. मामाचा फेरा सुटला, असं आईनं मानलं, आणि खरं सांगते, मीही मानलं.

म्हणूनच लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली आणि तिला मुलगा झाला, तेव्हा आमच्या घरात कुणाच्या मनाला शंकासुद्धा शिवली नाही. त्यात करंगळी सरळ! आईनं ती धरून बघितली, पुन्हा बघितली, आणि म्हणाली, "सुटलो गं बये! आन् मामा बी जिता हाय!" आमच्या घराण्यात पहिल्यांदाच एक पोर जिवंत मामाच्या मांडीवर बसणार होतं. सव्वा महिना उलटला की कान टोचायचं ठरलं. व्याहीमंडळींना बोलावलं. आई पाथर्डीहून एसटीनं आली, एका हातात पेढ्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात ती पिशवी.

"आता तो शर्ट कशाला आणलास?" मी विचारलं.

"मांडीवर टाकायचा. त्याला बी कळू दे की आता खरा मामा आलाय म्हून."

आदल्या दिवशी बाळाला दीड महिन्याचं इंजेक्शन दिलं होतं, मांडीत. "गाठ येईल, ताप येईल, घाबरू नका," नर्सबाईंनी सांगितलंच होतं. गाठ आली. सकाळी मी बाळाला पायावर घेऊन तेल लावायला बसले आणि दुपटं बाजूला केलं. गाठ लिंबाएवढी होती, हाताला टणक लागत होती. आणि वरची कातडी पिकल्या जांभळासारखी.

माझा हात तिथंच थबकला. तो रंग मी ओळखत होते. अंगारा लावलेल्या गुडघ्यावर तो मी रोज बघितला होता. बाहेरच्या खोलीत हसणं-खिदळणं चाललं होतं, गिरणी बंद ठेवली होती, उदबत्तीचा वास येत होता. मला एकदम असं वाटलं, की कुणीतरी इतकी वर्षं घराबाहेर थांबलं होतं आणि आज, सगळे बेसावध असताना, आत येऊन या चिमुकल्या मांडीत बसलंय.

मी बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर आले. माझा मुलगा नवा शर्ट घालून पाटावर मांडी घालून बसला होता, आणि त्या मांडीवर माझ्या भावाचा शर्ट अंथरलेला. सोनार समईच्या ज्योतीवर तार धरत होता. आईनं हात पुढं केले. "आण त्याला."

"नाही टोचायचं."

"अगं बये, असं काय करतीस? जिता मामा बसलाय समोर! आता काय भ्यायचं?"

"मामा जिता आहे म्हणून याचं रक्त थांबेल, असं कोण सांगतंय? तू? मांडी बघ त्याची!"

विहीणबाईंचं तोंड वाकडं झालं. "आमच्या वंशाचे कान कोरे ठेवायचे का मग?"

"ठेवा कोरे! नाहीतर आधी माझे हात तोडा आणि मग टोचा," मी ओरडले. लेक रडायला लागली. सोनारानं गुपचूप तार डबीत ठेवली. माझा मुलगा मात्र उठला, मांडीवरचा शर्ट आजीच्या हातात दिला आणि रिक्षा आणायला गेला. त्याबद्दल मी त्याला जन्मभर दुवा देईन.

नगरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी गाठीच्या कडेनं हळू बोट फिरवलं. इंजेक्शन कधी दिलं, ताप किती, असलं काही विचारलं नाही. बाळाकडे बघतच त्या म्हणाल्या, "बाळाला मामा आहे का?"

मी वळून दाराकडे बघितलं.

"आहे," मी म्हटलं. "हा काय, दारात उभा आहे."

"त्यांना कधी असं? रक्त न थांबणं, सूज?"

"कधीच नाही."

"मग बाळाच्या आईचा मामा? म्हणजे तुमचे भाऊ?"

"गेला," मी म्हटलं.

"लहानपणी?"

"हो."

"आणि तुमचे मामा?"

दाराशी बाकावर बसलेली माझी आई ताडकन उठली. पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकली. "हिला कुनी सांगितलं?" ती कुजबुजली. "बये, हिला कुनी सांगितलं आपलं?" त्या पोरीनं आम्हाला कधी पाहिलं नव्हतं, आमचं गाव तिला ठाऊक नव्हतं, आणि ती आमच्या एकेका मेलेल्याला जागेवरून उठवत होती, ओळीनं, जणू दारात उभे असलेले तिला दिसत होते.

"वडिलांकडचं काहीच कसं विचारत नाही तुम्ही? नुसते मामाच काय विचारता?" मी भीतीनं चिडून बोलले.

"कारण हा आजार दिसतो मामा-भाच्यांत, काकू," त्या म्हणाल्या. "पण येतो आईकडून."

मग त्यांनी मला समजावलं. रक्त गोठायला जे लागतं, ते बनवायची शिकवण प्रत्येकाच्या अंगात जन्मतःच असते. मुलीला ती दोन ठिकाणांहून मिळते, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी सांभाळून घेते, म्हणून बाईचं बहुतेक सुरळीत चालतं आणि तिला पत्ताही लागत नाही. मुलाला मात्र ती एकच मिळते, आईकडची. मी गिरणीवाली बाई, मला ते लगेच कळलं. दोन मोटारी असल्या तर एक जळाली तरी दळण निघतं. एकच असली आणि जळाली, तर गिरणी बंद.

"मग माझा मुलगा धडधाकट कसा?"

"तुमच्याकडे एक चांगली, एक बिघडलेली. त्याच्या वाट्याला चांगली गेली. लेकीच्या वाट्याला दुसरी. दर मुलाच्या वेळी नाणं नव्यानं उडतं, काकू. मागच्या वेळी काय पडलं होतं, ते नाण्याला आठवत नाही."

करंगळीचंही मी विचारलं. त्या हसल्या. करंगळीही घराण्यातूनच आलेली, पण तिची वाट वेगळी, रक्ताची वेगळी. एक आली म्हणून दुसरी येते असं नाही. पिढ्यान्पिढ्या आम्ही पोरांच्या मुठी उघडून भलतंच शोधत बसलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी सगळं उलगडून सांगितलं होतं, भीती जायला हवी होती. ती वाढली. बाहेरून कुणी येतच नव्हतं! शर्टावर कुणी उतरत नव्हतं. आजीनं तो आजारच आईला दिला, आईनं मला, मी माझ्या लेकीला. आम्ही त्याला पोटात घेऊन खुरपायला गेलो, ऊस तोडला, बोहल्यावर चढलो. आणि अंगणात शर्ट अंथरून त्यालाच हाका मारत होतो, ये म्हणून. भूत बाहेरचं असलं तर दार तरी लावून घेता येतं. मी माझ्याच हातांकडे बघत होते, आणि ते मला कुणा दुसऱ्याचे वाटत होते.

तपासणीसाठी बाळाच्या हातातून रक्त काढलं. सुई केसासारखी बारीक, पण त्या टोचलेल्या जागी कापूस धरला की लाल व्हायचा, बदलला की पुन्हा लाल. नर्सबाई दाबून धरून थकल्या. आई मागून बघत होती. तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मामा आला."

"आई, गप बस!" मी असं खेकसले की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

बाळाला दवाखान्यातच ठेवून घेतलं. काही दिवसांनी तपासणीचा निकाल आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेच निघालं. लेक म्हणाली, "आई, म्हणजे माझ्यामुळं?"

"आणि तुला माझ्यामुळं. मला आजीमुळं. आपण काय बाजारातून निवडून आणलं होतं का ते?" मी दरडावलं तिला. दरडावलं नसतं तर मीच तिच्यापुढं रडले असते.

पण आईला सांगायचं माझ्या जिवावर आलं. तिला सांगायचं म्हणजे तिच्या पोराचा मारेकरी तिच्याच अंगातून काढून तिला दाखवायचा. तरी सांगितलं. वॉर्डाबाहेर लिंबाच्या पारावर ती बसली होती, मांडीवर पिशवी. सगळं नीट ऐकून घेतलं तिनं. बराच वेळ आपली वाकडी करंगळी दुसऱ्या हातानं सरळ करत राहिली.

"मंग माझा भाऊ येत न्हवता?"

"नाही, आई."

"आन् माझं पोरगं? ते बी न्हाई?"

"नाही गं."

"मंग इतकी वर्सं मी कुनाला बोलावत हुते?"

मी तिचा हात धरला. हात गार पडला होता. "तुझ्यातून गेलं," मी म्हटलं, "पण तू दिलं नाहीस." तिला ते पटलं की नाही, कोण जाणे.

त्या दुपारी बाळाला औषध द्यायचं होतं. त्याच्या रक्तात जे नाही, ते बाहेरून शिरेत सोडायचं. ते आता आयुष्यभर लागणार, पण ते असलं तर पोर खेळेल, शाळेत जाईल, मोठं होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी लेक पुढं यायला धजेना, जावईबापू बाटली बघूनच पांढरे पडले. बाळाला घट्ट धरायला कुणीतरी हवं होतं.

"मामा कुठायत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मामा, या, तुम्ही बसा."

माझा मुलगा कंपनीतून तसाच आला होता. हात धुऊन तो स्टुलावर बसला आणि बाळाला मांडीवर घेतलं. सुई गेली. बाळ किंचाळलं, अगदी माझा भाऊ किंचाळला होता तसं. औषध हळूहळू आत गेलं, सुई निघाली, नर्सबाईंनी वर कापूस ठेवून दाबला. आणि आम्ही सगळ्या बायका, मी, लेक, विहीणबाई, नकळत त्या कापसाभोवती जमलो, आणि वाट बघायला लागलो.

बऱ्याच वेळानं नर्सबाईंनी कापूस उचलला. पांढरा होता. मधोमध एक टिंब, सुकलेलं.

आई आमच्यातून वाट काढत पुढं झाली. तिनं वाकून बाळाचा हात वर केला, खालून बघितला, वरून बघितला, अगदी माझ्या मुलाचा कान बघितला होता तसा.

"न्हाई आला," ती म्हणाली.

या वेळी ती रडली नाही. ती माझ्या मुलाकडे बघत होती, त्याच्या खांद्याला, दंडाला, गालाला हात लावून बघत होती, जसं काही तो आत्ताच लांबून कुठून तरी आलाय.

"तू हायस ना रं?" तिनं विचारलं.

"आहे की, आज्जी," तो म्हणाला. "हा काय, इथंच बसलोय."

मग आईनं पिशवीतून तो शर्ट काढला, घडी मोडली, आणि बाळाचे नाक-डोळे पुसले.